सुखुमवितवरचं बिऱ्हाड

बँकॉकमधल्या सर्व्हिस अपार्टमेंटच्या, म्हणजे सफाईसकट भाड्याने मिळणाऱ्या सजवलेल्या फ्लॅटच्या, जाहिरातीत पहिला फोटो पलंगाचा असतो. पांढरीशुभ्र चादर, पायाशी आडवी टाकलेली जांभळी पट्टी, त्यावर टॉवेलचा हत्ती. दुसरा फोटो छतावरच्या तरणतलावाचा. तिसरा खिडकीतून दिसणाऱ्या शहराचा, आणि तो हमखास रात्रीचा. ओट्याचा फोटो मात्र शोधावा लागतो. सापडलाच तर त्यावर फळांची परडी ठेवलेली असते, आणि परडीच्या मागे ओटा संपलेला असतो.

मी ओट्यापासून सुरुवात करते. शेगडी कसली आहे? गॅस या इमारतींत जवळजवळ नसतोच. म्हणजे एकतर इंडक्शन, नाहीतर काळ्या काचेखाली लाल होणारी विजेची शेगडी. इंडक्शन असेल तर पुण्याहून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर शोभेला ठेवायचा. विजेची असेल तर कुकर चालतो, पण ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलीच राहते, त्यामुळे दूध उतू जायचं ते जातंच. सिंकमध्ये कढई आडवी मावते का? वरची चिमणी धूर खरंच बाहेर नेते, की जाळीतून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडते? बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार. मग मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली, की चार पावलांवर छतात बसवलेला धुराचा सेन्सर जागा होतो आणि खालून रिसेप्शनचा फोन येतो. आवाज अतिशय गोड. ‘मॅडम, एव्हरीथिंग ओके?’ सगळं ओके आहे बाई, आमटीला फोडणी दिलीय.

यात इमारतीचाही दोष नाही. ती बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी वेगळाच माणूस होता. बँकॉकमध्ये खालच्या गल्लीत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चांगलं, ताजं, स्वस्त खायला मिळतं. एकट्या माणसाला घरी स्वयंपाक करायचं कारणच नाही. त्यात सुखुमवित भागातल्या जुन्या, चांगल्या सर्व्हिस अपार्टमेंटची घडण झाली ती मुख्यतः जपानी साहेबांसाठी. 1985 नंतर येन महागला, जपानी कंपन्यांनी थायलंडमध्ये कारखाने काढले आणि त्यांची माणसं दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या नेमणुकीवर इथे राहायला आली. फ्रोम फोंग आणि थोंग लो या स्टेशनांच्या आसपास आजही जपानी किराणा दुकानं, जपानी दवाखाने, जपानी पाट्या दिसतात त्या त्यामुळेच. तिथल्या खोल्यांत खोल बाथटब असतो, टीव्हीवर जपानी वाहिन्या असतात, दाराशी चपला काढायला खालची पायरी असते. चपलांची पायरी आपल्याला फार सोयीची. बाथटबचा उपयोग आम्ही पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करायला केला.

तर जागा बघायला गेले की मी मनाशी विचारते, ही कुणासाठी बांधली असेल? महिनाभराच्या प्रोजेक्टवर आलेल्या, सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसासाठी? गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या आखाती पेशंटच्या कुटुंबासाठी? (नाना स्टेशनजवळ, मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या आसपास अशा इमारती बऱ्याच आहेत, आणि तिथे स्वयंपाकघरं खरोखर मोठी असतात, कारण ती कुटुंबंही घरी शिजवणारी.) आपण त्या माणसाच्या किती जवळ बसतो, यावर पुढचे महिने कसे जाणार ते ठरतं. गादी मऊ आहे की कडक, हे त्या मानाने फार छोटं.

कागदोपत्री पर्याय तीनच. हॉटेल, सर्व्हिस अपार्टमेंट, आणि काँडो म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा फ्लॅट. चौथाही एक आहे, नुसतं ‘अपार्टमेंट’: एकाच थाई कुटुंबाची जुनी इमारत, खाली मालकीणबाईंचं टेबल, महिन्याचं भाडं रोख, ना तरणतलाव ना टॉवेलचा हत्ती. आपल्याकडच्या कंपन्यांचे प्रवास विभाग या चौथ्याकडे बघतही नाहीत. तिथे बिल नीट मिळत नाही, हे खरं त्यामागचं कारण.

काँडो पाहिला की हिशेब मोहात पाडतो. त्याच गल्लीत, तेवढ्याच जागेला, सर्व्हिस अपार्टमेंटच्या जवळजवळ निम्म्या भाड्यात फ्लॅट मिळू शकतो. पण काँडो साधारणपणे वर्षाच्या कराराने देतात, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं घेऊन. ज्याची नेमणूक ‘सहा महिने, पुढचं बघू’ अशी असते त्याला तो करार गळ्यात पडतो. महिन्यापेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देणं 2004 च्या हॉटेल कायद्याच्या कचाट्यात येतं आणि साध्या फ्लॅटला तो परवाना नसतो. म्हणून अनेक काँडोंच्या लॉबीत ‘रोजच्या भाड्याने देण्यास मनाई’ अशी पाटी लावलेली असते. अॅपवर आठवड्यासाठी स्वस्तात दिसणारी जागा कधीकधी नेमकी या पाटीच्या मागे असते, आणि मालक सांगतो की गार्डने विचारलं तर मी तुमचा मित्र आहे म्हणा. बायकापोरं घेऊन, चार बॅगा ओढत, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

दुसरं म्हणजे टीएम 30 नावाचा फॉर्म. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने 24 तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं. हॉटेल आणि सर्व्हिस अपार्टमेंटवाले हे काम तुमचा पासपोर्ट घेऊन न बोलता उरकतात. काँडोचा मालक चियांग माईला राहणारा, कामात बुडालेला कुणी डॉक्टर असला, की त्याच्या मागे लागावं लागतं. ती नोंद नसेल तर पुढे व्हिसा वाढवायला किंवा 90 दिवसांची हजेरी लावायला गेल्यावर काउंटरवरची बाई शांतपणे कागद परत करते. चार तास रांगेत काढलेल्या माणसाला तिची ती शांतता फार लागते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने निव्वळ या एका कागदापायी भाड्यातला फरक सोसून सर्व्हिस अपार्टमेंट पत्करलं, आणि मला ते पटलं.

भाड्याच्या आकड्याशेजारी दोन छोटी बेरजेची चिन्हं असतात. जाहिरातीत ती इतकी बारीक छापतात की माझ्या चष्म्याच्या नंबराची परीक्षा होते. पहिलं चिन्ह 10 टक्के सेवाशुल्काचं, दुसरं 7 टक्के व्हॅटचं, आणि व्हॅट लागतो तो सेवाशुल्क मिळवलेल्या रकमेवर. म्हणजे 40,000 बाथ म्हणून बघितलेली जागा 47,080 ला पडते. त्यावर वीज. इथे सरळ विचारायचं: वीज भाड्यात धरली आहे का, धरली असेल तर किती युनिटपर्यंत, नसेल तर दर सरकारी की इमारतीचा? सरकारी वीजमंडळाचा दर चार-साडेचार बाथच्या आसपास असताना इमारतवाले युनिटला सात-आठ बाथ लावतात, आणि एप्रिलमध्ये एसी दिवसभर बंदच करता येत नाही. त्यात खोली पश्चिमेला तोंड करून असेल तर बघायला नको. दुपारी तीनपासून काच तापायला लागते, सहाला हात लावला तर चटका बसतो, आणि एसी बिचारा नुसता घरघरत राहतो. आई फोनवर वास्तूच्या हिशेबाने विचारते, ‘पूर्वेचं आहे ना गं?’ मी विजेच्या बिलाच्या हिशेबाने ‘हो’ म्हणते. दोघींचं समाधान होतं.

आता गल्ली. इथली गल्ली म्हणजे सोई, आणि सुखुमवित हा लांबलचक रस्ता या सोईंनी दोन्ही बाजूंनी फाटे फुटल्यासारखा दिसतो. उत्तरेच्या अंगाला विषम आकडे, दक्षिणेला सम. आकडे समोरासमोर जुळतील असं मात्र समजू नये. 55 क्रमांकाची सोई, म्हणजे थोंग लो, तिच्या समोर 38 येते. 63 च्या, म्हणजे एक्कमाईच्या, समोर 42. सम बाजू मागेच पडत गेली आहे. दुसरी गंमत अशी की बऱ्याच सोई पुढे कुठेच निघत नाहीत. नकाशावर शेजारच्या सोईतलं दुकान दोनशे मीटरवर दिसतं, पण मध्ये कुणाची तरी भिंत असते. मागे वळून मोठ्या रस्त्यावर यायचं, पुढच्या तोंडातून आत शिरायचं, की झाला दीड किलोमीटर. म्हणून ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ यावर विश्वास ठेवू नये. पाच मिनिटं कुणाची? थोंग लो ही सोई दोन किलोमीटरहून लांब आहे. तिच्या पार टोकाला, कालव्याजवळ असलेल्या इमारतीही स्वतःला ‘थोंग लो स्टेशनजवळ’ म्हणवतात, आणि नारिंगी जाकिटवाल्या मोटरसायकलवर बसून निघालात तर पाच मिनिटं खरीही असतात.

हे नारिंगी जाकिटवाले सोईच्या तोंडाशी बाकड्यावर बसलेले असतात, पाठीवर नंबर, शेजारी बुद्धिबळासारखा डाव बाटल्यांच्या झाकणांवर मांडलेला. माझ्या वयाच्या साडीतल्या बाईने एका अंगाला पाय घेऊन मागे बसावं यात त्यांना काही नवल वाटत नाही. थाई बायकाही घट्ट स्कर्टात तशाच बसतात. पण साठी-सत्तरीचं माणूस सोबत येणार असेल तर ही गल्ली पायी चालून बघावी. फुटपाथ आहे का, की भिंत आणि गाड्यांच्या मध्ये खांद्याएवढी पट्टी? विजेच्या खांबाने ती पट्टीही अडवली आहे का? बँकॉक समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच, चिकणमातीवर बसलेलं शहर. मे ते ऑक्टोबर संध्याकाळचा पाऊस तासभर असा कोसळतो की ठराविक सोईंमध्ये घोट्याच्या वर पाणी चढतं. कुठल्या सोईत चढतं हे एजंट सांगत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या उंबऱ्यापुढे सिमेंटचा वीतभर बांध घातलेला दिसला तर समजावं.

मी रिकाम्या वेळी सोईत नुसती हिंडते. तळाशी सेव्हन-इलेव्हन आहे हे सांगायची गरज नाही, तो असतोच. मी बघते ती नाण्यांवर चालणारी पाण्याची मशीन: बाथला साधारण लिटरभर, आपली बाटली लावायची. नळाचं पाणी पिण्याची इथे पद्धत नाही, आणि इमारत रोज देते त्या दोन इवल्या बाटल्यांत वरणही होत नाही. बघते ती लॉन्ड्री, कारण ‘वॉशर-ड्रायर’ म्हणून खोलीत ठेवलेलं एकत्र यंत्र धुतं बरं, वाळवताना मात्र कपड्यांना नुसती वाफ देतं, आणि गॅलरीत दोरी बांधायला मनाई असते. आणि बघते ती भाजीची गाडी. छोटा पिकअप ट्रक, चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात, प्रत्येक पिशवीत एका जेवणापुरतं काहीतरी: दोन कारली, मुळांसकट कोथिंबिरीची जुडी, लिंबं, मूठभर मिरच्या, भेंडीच्या पाच-सहा शेंगा. गाडी हॉर्न वाजवत हळूहळू सरकते आणि गल्लीतल्या बायका, बांधकामावरचे मजूर, समोरच्या हॉटेलचा स्वयंपाकी, सगळे तिच्याभोवती जमतात. ती ज्या सोईत येते तिथे माणसं घरी राहतात आणि घरी शिजवतात. ज्या सोईत ती येत नाही तिथे सगळे पाहुणेच, असा माझा ठोकताळा आहे. अजून तरी तो खोटा ठरलेला नाही.

कढीपत्ता, पोहे, तूरडाळ यांसाठी फाहुरातला जावं लागतं. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, कापडाच्या दुकानांची गल्ली, पंजाबी ढाबे, आणि मागे मसाल्यांची दुकानं. पूर्वी टॅक्सीशिवाय तिथे पोचणं हा वैतागच होता. 2019 मध्ये मेट्रोची ब्लू लाईन वाढली आणि साम योत स्टेशन झालं, तेव्हापासून पिशवी घेऊन जाऊन यायला त्रास नाही. त्यामुळे हल्ली मी घर शोधणाऱ्यांना सांगते की स्कायट्रेनसोबत मेट्रोही जवळ आहे का बघा. असोक हे दोन्हींचं जोडस्टेशन, म्हणून तिथली भाडी चढी. एक-दोन स्टेशनं पुढेमागे सरकलं तरी चालतं.

‘सर्व्हिस’ या शब्दासाठी आपण एवढे पैसे मोजतो, तर ती कशी येते तेही सांगायला हवं. कुठे रोज, कुठे आठवड्यातून दोनदा. रोजची सेवा ऐकायला छान वाटते, पण सकाळी दहाला कुणीतरी बेल वाजवणार म्हणून साडेनऊला आपणच घर आवरायला लागतो, ही आपल्या घरच्या वळणाची सवय बाई कुठेही गेली तरी सुटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशी ईसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या; इथल्या घरकामाच्या बऱ्याच बायका तिकडूनच आलेल्या. मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे ‘पी’ म्हणते, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. सुरुवातीला त्या माझी सगळी भांडी धुऊन, पुसून, कपाटात त्यांच्या हिशेबाने लावून ठेवायच्या. मसाल्याचा डबा एकदा बाथरूमच्या कपाटात सापडला. त्यात त्यांची चूक नव्हती. त्या डब्यातल्या वाट्या, हळदीचा वास, सगळं त्यांना साबण-उटण्याच्या वर्गातलं वाटलं असणार.

गणेशचतुर्थीला आम्ही टीव्हीच्या टेबलावर गणपती बसवला. पुण्याहून आणलेली वीतभर शाडूची मूर्ती, पाकख्लोंगच्या फुलबाजारातून झेंडू, आणि उकडीचे मोदक त्या दीड हाती ओट्यावर दोन हप्त्यांत. इमारतीत उदबत्तीला परवानगी नाही म्हणून बॅटरीची समई. दुसऱ्या दिवशी पी झाडायला आल्या, दारातच थबकल्या, झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि हात जोडून कपाळाला लावले. इथे गणपतीला सगळे ओळखतात. हुआई ख्वांगच्या चौकात त्याचं मोठं देऊळ आहे, सिलोमच्या मारिअम्मनच्या देवळातही गर्दी थाई भक्तांचीच जास्त. मग त्या काही न बोलता निघून गेल्या. मला वाटलं, आज सफाई नाही. दहा मिनिटांनी परत आल्या तर हातात लालभडक सरबताची बाटली, झाकण उघडून आत स्ट्रॉ घातलेली. इथे बहुतेक इमारतींच्या अंगणात वास्तुपुरुषाचं छोटं घर खांबावर असतं आणि त्याच्यापुढे अशाच लाल बाटल्या असतात, स्ट्रॉसकट. त्यांनी ती बाटली मोदकांच्या ताटाशेजारी ठेवली, लेबल देवाकडे करून. मी त्यांना मोदक दिला. त्यांनी सारण आधी हुंगलं, मग खाल्लं, आणि नारळ-गुळाची तशीच एक वडी त्यांच्या गावी करतात असं खुणांनी सांगितलं. विसर्जनापर्यंत बाप्पापुढे ती बाटली होती. नवरा म्हणाला, तिच्यात मुंग्या होतील. झाल्याही.

ही ओळख काँडोत झाली नसती असं मी म्हणणार नाही. पण जिथे माणूस दर महिन्याला बदलतो, दर वेळी नवीन कंपनीचं जाकीट घातलेलं कुणी येतं, तिथे नक्कीच झाली नसती. म्हणून इमारत बघताना मी रिसेप्शनवर विचारते की सफाईची माणसं तुमची की बाहेरच्या कंत्राटदाराची. मॅनेजर जरा चमकतात. उत्तर मात्र देतात.

मजल्याचा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे. जितकं वर तितकं भाडं जास्त आणि जितकं वर तितका फोटो चांगला, एवढंच. (इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, आणि 13 चा बऱ्याच ठिकाणी 12 ए होतो, हे ध्यानात ठेवावं.) मग 28 मार्च 2025 आला. म्यानमारमध्ये सागाइंगजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, इथून हजारावर किलोमीटर दूर, पण बँकॉकच्या मऊ मातीने त्या लांब लाटा मोठ्या करून उंच इमारतींच्या हाती दिल्या. छतांवरच्या त्याच तरणतलावांतलं पाणी काठावरून धबधब्यासारखं खाली कोसळताना सगळ्या जगाने फोनवर पाहिलं. चतुचकमध्ये सरकारी लेखापरीक्षण खात्याची बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, माणसं गेली. स्कायट्रेन, मेट्रो बंद. लाखो लोक पायी घरी निघाले, आणि पालिकेने रात्री बागा उघड्या ठेवल्या. आम्ही जिने उतरून खाली आलो तेव्हा मी स्वयंपाकाचा एप्रन घालूनच होते आणि शेजारच्या खोलीतले जपानी आजोबा पाठीला आधीच भरून ठेवलेली पिशवी लावून, हातात टॉर्च घेऊन आले होते. त्यांच्या त्या तयारीकडे बघून मला आधी हसू आलं, मग लाज वाटली.

त्यानंतर महिनाभर सगळ्या इमारतींतून इंजिनिअर हिंडत होते. भिंतींच्या गिलाव्याला तिरप्या चिरा पडल्या होत्या. बहुतेक नुसत्या वरवरच्या. पण आता चौकशी करणारे मला विचारतात की कितवा मजला घ्यावा. मी काही स्थापत्यशास्त्र शिकलेली नाही. मी एवढंच सांगते की जिना बघून या. दार आतून सहज उघडतं का, जिन्यात झाडू-बादल्या, जुन्या गाद्या कोंबून ठेवल्या आहेत का, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस न थांबता किती मजले उतरू शकतं. त्यावरून मजला ठरवा. आमच्यासाठी तो आठ निघाला.

तो आकडा आईच्या गुडघ्यांनी ठरवला. ती साताऱ्याहून येते ती हिवाळ्यात, आणि एक बेडरूमच्या जागेत तिसरं माणूस आलं की इमारत पुन्हा आठवण करून देते की ती आपल्यासाठी बांधलेली नाही. जादा पलंगाचे रोजचे पैसे, जादा न्याहारीचे पैसे, आणि सोफ्यावर झोपायचं तर तो सोफा दोन माणसांनी टीव्ही बघायला केलेला. आपल्याकडे आईवडील येणार, राहणार, आणि महिनाभर राहणार हे गृहीत असतं. करार करण्याआधीच हे बोलून घेतलं तर बहुतेक मॅनेजर नातेवाइकांसाठी एक पलंग फुकट देतात. नंतर बोललं तर दरपत्रक पुढे करतात. ओळखीतल्या एकीने सासऱ्यांसाठी त्याच मजल्यावर दुसरी छोटी खोली महिन्याच्या दराने घेतली. ते तिला दोन बेडरूमपेक्षा स्वस्त पडलं आणि, तिच्याच शब्दांत, सगळ्यांना बरं पडलं.

आईला इथे रमवलं ते बागांनी. लुंपिनी बागेत पहाटे सहाला चिनी आज्या पंखे घेऊन व्यायाम करतात, आणि तळ्याच्या काठाने मोठ्या घोरपडी उन्हाला येऊन पसरतात, कुत्र्याएवढ्या, कुणालाही न घाबरता. आईने पहिली घोरपड पाहिली तेव्हा ती बाकावरून उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, ‘अगं, ही तर यशवंती!’ आणि मग तिथल्या तिथे, एका गोऱ्या जोडप्यासमोर, तानाजी कसा कोंडाण्यावर चढला ते मला नव्याने सांगितलं. बागेपासून चालत दहा मिनिटांत असणारी जागा मिळत असेल आणि तीस हजारांत एक खोली कमी मिळत असेल तरी मी बागेकडची घेईन. हे अगदी माझं मत. नवऱ्याचं नाही. त्याला ऑफिस जवळ हवं.

भागांबद्दल विचाराल तर: नाना आणि तिच्या पुढची काही सोई रात्री दहानंतर एकदा बघून या, मग ठरवा; दिवसा ती अगदी सभ्य दिसते. सिलोमच्या बाजूला, महेसाक रस्त्याच्या आसपास, हिऱ्या-माणकांचे आपले व्यापारी वर्षानुवर्षं आहेत, त्यामुळे शाकाहारी जेवणाची ददात नाही. ऑन नुतला जागा मोठ्या आणि स्वस्त. 1999 मध्ये स्कायट्रेन सुरू झाली तेव्हा तिचं टोक तिथेच होतं, त्यामुळे वस्ती जुनी, बाजार चांगला. रिकामा प्लॉट शेजारी असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती जागा नको. इथे रिकामा प्लॉट फार दिवस रिकामा राहत नाही.

आमचा करार दिवाळीच्या सुमाराला संपतोय. मॅनेजरबाईंनी नवीन दर सांगितला, मी थोडी घासाघीस केली, त्या थोड्या खाली आल्या, पण चिन्हं दोन्ही तशीच. म्हणून हुआई ख्वांगच्या बाजूची एक जागा हेरून ठेवली आहे: दोन बेडरूम, सहावा मजला, विजेची शेगडी पण खिडकीखाली, म्हणजे धूर बाहेर जायला वाट आहे. तिथे आधी आठवडाभर रोजच्या दराने राहणार आहे, तेही सप्टेंबरमध्ये. नवरा म्हणतो, ऐन पावसात कशाला? ऐन पावसातच. त्या सोईतल्या दुकानापुढे नवा कोरा बांध घातलेला मी बघून आलेय.